पायताणातलं बी

कर्रकर्र वाजणारं पायताण हवं असेल
तर तळाच्या दोन पदरांत
बावचीचं बी ठेवून शिवावं लागतं.
गिऱ्हाईक चालतं, बी दाबलं जातं,
साऱ्या पेठेला कळतं कोण आलं ते.
चाळीस वर्षं सुभाषनगरात हेच करतोय.
स्वतः मात्र मुकं पायताण घालतो.

चौदा वर्षांपूर्वीचा कापणीचा सण.
देवळात उसाच्या मोळ्या, गुळाची ढेप,
पाय बांधलेल्या कोंबड्या,
आणि सुलभामावशीचा भोपळा, जो लिलावात
तीनदा विकला गेला आणि तीनदा परत आला.
हिशेब माझ्याकडे, पेटीची किल्ली माझ्याकडे.
नऊ हजार सहाशे.
त्याच आठवड्यात कातड्याच्या व्यापाऱ्याचा माणूस
दारात पान चघळत बसून होता.
"परत ठेवीन," असं म्हणालो.
कुणाला म्हणालो, ते आठवत नाही.

पेटी रिकामी निघाली
तेव्हा सगळ्यांनी अमोसकडे पाहिलं.
अमोस घंटा वाजवायचा, झाडलोट करायचा,
रात्री ओसरीवर निजायचा.
मी खोटं एक अक्षर बोललो नाही.
बोललोच नाही.
याचाही मला कित्येक वर्षं अभिमान होता.

दर पहिल्या रविवारी प्रभुभोजनाआधी
गुडघे टेकून, एका आवाजात:
आम्ही पाप केले आहे.
आम्ही.
केवढा ऐसपैस शब्द!
अख्खा माणूस त्यात मावतो,
डोक्यावरून चादर ओढून निजतो.
डोळ्यांत पाणी यायचं माझ्या, खरंखुरं.
पाळकबाई म्हणायच्या, सिलासभाऊंचं मन फार मऊ.

मऊ कसं करतात ते मला विचारा की.
चुना, बाभळीची साल, हिरडा,
दिवसचे दिवस हौदात.
वरून पाणी शिंपडलेलं कातडं
दिसतं ओलं, वळत नाही.

मग यंदा उन्हाळ्यात एक पोरगा जोड घेऊन आला.
"ह्यातलं बी काढा. बाबा अंथरुणावर हायत,
आवाजानं दचकत्यात."
मी आरी उचलली.
"वरच्या वर न्हाई का निघत?"
"न्हाई बाळा. शिवण उसवावी लागती."
बोलून गेलो,
आणि आरी हातातच राहिली.

कागलच्या पेट्रोल पंपावर
अमोस रात्रपाळीला असतो, हे मला
कायम ठाऊक होतं.
एसटीत तीनदा उतरावंसं वाटलं.
सांगितलं त्याला. तो हवेची नळी गुंडाळत होता.
"किल्ली एकच होती," तो म्हणाला.
एवढंच.
नंतर, बऱ्याच वेळानं,
"माझी मार्था गेली तेव्हा मातीला
तुमच्यातलं कुणी आलं नाही."

पाकीट पुढं केलं. मोजलंही नाही त्यानं.
"देवळाचे देवळात दे.
माझे काय ह्यात नाहीत."
माफ केलं, म्हणाला नाही.
म्हणावं म्हणून मी थांबलो थोडा,
मग त्या थांबण्याचीच लाज वाटली.

रविवारी "आम्ही"पाशी आलो आणि उभा राहिलो.
"मी," म्हणालो.
पुढचं वाक्य आलं तुटक, कोरड्या घशानं,
अमोसच्या नावासकट, आकड्यासकट.
आभाळ उघडलं वगैरे नाही.
पंखा फिरत होता.
माझ्या बाकावरचे दोघे पुढच्या रविवारी
खिडकीकडे सरकले. किल्ली दुसऱ्याकडे गेली.
रात्री झोप लागली, तीही अर्धीच.

एक सांगायचं राहिलं.
पंपावरून निघताना मी रद्दीचा कागद पसरला,
त्याचा पाय त्यावर घेतला,
आणि पेन्सिलीनं भोवती माप काढलं.
टाचेला भेगा, त्यांत डिझेल.
चौदा वर्षं गुडघे टेकत आलो होतो,
ते जमिनीला त्या रात्री लागले.

जोड तयार आहे, खिळ्याला टांगलाय.
बी घालू का, ते विचारायचं राहून गेलं.
त्यानं अजून नेला नाही.
कातडं कोरडं पडू नये म्हणून
मी दर शनिवारी तेल लावतो.